विकायचा नाही

आमची वहिनी दागिने डिझाइन करते आणि लोककलेच्या वस्तू गोळा करते. पहिलं पोटासाठी, दुसरं निव्वळ वेडापायी. पुण्यातल्या तिच्या दोन खोल्यांत वारली चित्रं, बस्तरचे ढोकरा घोडे, गोंड चित्रांतली हरणं आणि एक लाकडी मुखवटा... पाहुण्याने पाय कुठे ठेवायचा हा प्रश्नच! मी पडलो सॉफ्टवेअरवाला, माझा संग्रह म्हणजे बंद पडलेल्या हार्ड डिस्क. असो.

मागे एकदा तीन दिवसांची सुट्टी जोडून आम्ही मेळघाटात सेमाडोहला गेलो. दादाला आणि मला वाघ बघायचा होता (दिसला नाही, हे सांगायला नकोच :-)). वहिनीला बघायचे होते कोरकूंचे स्मृतिस्तंभ.

कोरकू हे मेळघाटातले आदिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाहीच, तिचं नातं थेट झारखंडकडच्या संथाळीशी. माणूस गेला की पुढे सिडोली नावाचा विधी करून त्याला पूर्वजांत सामील करून घेतात आणि त्याच्या नावाने कोरलेला लाकडी स्तंभ रोवतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर स्वार.

सेमाडोहजवळच्या एका गावात झाडाखाली असे चार-पाच स्तंभ उभे होते. एक पार कललेला, बुडाला वाळवी लागलेली. वहिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली ती उठेचना. मग तिथल्या म्हाताऱ्या बाबांना तिने विचारलं, "बाबा, हा पडायलाच आलाय. मी नेऊन नीट जपीन. किती द्यायचे?"

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "माह्या बाप हाये तो, बाई."

"पण इथे कुजेल ना..."

"कुजू दे. पन इथंच राहीन."

च्यायला, आम्हा तिघांनाही कुठे बघावं कळेना.

परतताना मला पुण्याचे दिनकर केळकर आठवले. चष्म्याचं दुकान सांभाळत त्यांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, कुलुपं, भांडी जमवली. वीस हजारांवर वस्तू! त्या संग्रहालयाला त्यांनी नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. म्हणजे तिथे एका बापाने संग्रहाचं स्मारक केलं. आणि आम्ही निघालो होतो एका मुलाकडून त्याच्या बापाचं स्मारक संग्रहात न्यायला.

वहिनीचं म्हणणं मात्र मला अगदीच चूक वाटत नाही. न जपलेलं लाकूड वाळवी खातेच, आणि केळकरांनी जमवलं नसतं तर त्यातलं कितीतरी मोडीत गेलं असतं. पण अडकित्ता घरातून गेला तर घरात दुसरा येतो. बापाचं तसं नाही. तेव्हा जपण्याआधी 'ही वस्तू कोणाची कोण?' एवढं तरी विचारायला हवं.

घरी आल्यावर वहिनीने प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायला घेतली: कुठली, कोणी केली, कोणाकडून आणली. पंधरा चिठ्ठ्यांपैकी पूर्ण भरल्या चारच. मुखवट्याखालची अजून कोरी आहे. ती म्हणते, तो देणाऱ्याने का दिला, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं.