तीन आठवड्यांची त्वचा

नेत्रदानाचा फॉर्म मी कॉलेजातच भरला होता. त्वचादानाला मात्र माझा साफ नकार. कारण धार्मिक वगैरे नव्हतं. दुसऱ्याची त्वचा शरीर दोन-तीन आठवड्यांत नाकारतं. गळूनच पडायची असेल, तर अमरधामला निघायच्या आधी घरच्यांच्या डोक्याला हा ताप कशाला? शिवाय कृत्रिम त्वचा आलीच आहे की!

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकला मिरची हॉटेलजवळ यवतमाळहून मुंबईला निघालेली बस पेटली, बारा जण गेले. त्यानंतर मी त्वचादानाविषयी नीट वाचू लागले. 'इंटेग्रा' ही कृत्रिम त्वचा अमेरिकेत १९९६ पासून मान्य आहे. गायीचं कोलॅजन, शार्कच्या कूर्चेतला घटक आणि वर सिलिकॉन. पण ते सिलिकॉन काही आठवड्यांनी काढून तिथे रुग्णाचीच पातळ त्वचा लावावी लागते. म्हणजे एवढी महागडी वस्तूसुद्धा वेळच काढून देते.

भाजलेल्या जखमांवर मुंबईच्या डॉक्टरांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या, सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं. मला ही गरिबाची सोय वाटायची. पण पान जखमेला चिकटत नाही, ड्रेसिंग बदलताना पेशंट कळवळत नाही. ही काय लहान गोष्ट झाली?

निम्मं अंग खोलवर भाजलं तर मात्र पानानं भागत नाही. उघड्या जखमांतून पाणी, प्रथिनं झिरपत राहतात, जंतू आत शिरतात. आणि लावायला स्वतःची त्वचा पुरत नाही. मांडीवरून एकदा त्वचा काढली, ती जागा भरून आली की तिथूनच पुन्हा काढता येते, पण त्यालाच दोनेक आठवडे लागतात. दान केलेली त्वचा तेवढे दिवस जखम झाकते. माझा नकार तिथेच संपला.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ, मांड्या, पाय यांवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर काढतात, वर पट्ट्या बांधतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये, ४ अंशांना ही त्वचा काही वर्षं टिकते. सायनला २००० साली त्वचापेढी झाली. आता नाशिकलाही आहे.

ह्यांना अजून पटलेलं नाही. "त्या सहा तासांत मी रडू की फोन फिरवू?" असं विचारतात. फॉर्म भरला तरी संमती शेवटी घरच्यांचीच लागते. म्हणून पेढीचा नंबर धाकट्या जावेकडे देऊन ठेवलाय. घरात डोकं शांत ठेवणारी तीच एक.