आडोसा

मामांबरोबर रानात जायचं म्हणजे वाट सोडून चालायचं. वाट समोर दिसत असायची, शेरडामेंढरांच्या खुरांनी मळून पांढरी पडलेली, आणि मामा तिच्या शेजारून, कुसळांतून, तरवडाच्या झुडपांतून निघायचे. माझ्या परकराला कुसळं डसायची. मी कुरकुरले की म्हणायचे, "मळल्या वाटेनं जाऊ नये, पोरी." का जाऊ नये, ते सांगायचे नाहीत. मी नोकरीला लागून माणसांत आल्यावर कधीतरी चहा पिता पिता त्यांच्या तोंडून निघून गेलं. कुपवाड्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना गस्तीची तुकडी ज्या वाटेनं जाई त्या वाटेनं परत येत नसे. गेल्या पावलांवर कुणीतरी सुरुंग पेरून ठेवलेला असायचा. एवढं बोलून त्यांनी बशी पालथी घातली आणि गोठ्याकडे गेले.

आमचा मुलूख माण-खटावचा. सातारा जिल्ह्याची ही उन्हाची बाजू. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसता वारा येतो. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. शेतीत राम नाही म्हणून पोरं मिलिटरीत जायची, अजूनही जातात. घराघरात एक काळी ट्रंक असते, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली, आणि ती ट्रंक कायमची परत आली की गाव म्हणतं, अमका पेन्शनीवर आला. मामा पेन्शनीवर आले तेव्हा त्यांचे केससुद्धा पिकले नव्हते. साध्या जवानाची नोकरी तेव्हा पंधरा-सतरा वर्षांत संपायची. ज्या वयात शहरातल्या माणसाला पहिली बरी बढती मिळते, त्या वयात हा माणूस 'माजी' व्हायचा.

एकदा सगळ्यांनी मिळून त्यांना महाबळेश्वरला नेलं. जांभळी, अंजनी, हिरड्याची दाट राई, आत ऊन शिरत नाही असली. आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो, काय शांत वाटतंय नाही! मामा गाडीजवळच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले, पण बसले नाहीत. त्यांची नजर पानांवर नव्हती. खोडांवर होती, आणि खोडांच्या मधल्या काळोखावर. परतीच्या रस्त्यावर वाई मागं पडली, डोंगर उघडे होत गेले, तसा त्यांचा खांदा सैल झाला. म्हणाले, "आपला माळच बरा. लांबवर दिसतं."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं उराशी धरून आहे. कारण आजकाल कुणाचं मन थकलं की त्याला सांगायची एकच रीत पडली आहे: निसर्गात जा. झाडांत बस, पक्षी ऐक, मोकळा हो. सल्ला देणाऱ्याच्या आयुष्यात झाड म्हणजे सावली असते. ज्यानं देवदारांच्या रानात रात्री काढल्या आहेत त्याला झाड म्हणजे आडोसा. आपला, नाहीतर दुसऱ्याचा. पानं सळसळली तर ती वाऱ्यानंच सळसळली हे त्याला आधी सिद्ध करून घ्यावं लागतं. अशा माणसाला रानात नेऊन बसवणं म्हणजे त्याला पुन्हा पहाऱ्यावर उभं करणं आहे, आणि तेही बंदुकीशिवाय.

पूर्वीच्या मराठी शिपाईगड्याचं वर्ष कसं होतं, ते या निमित्तानं आठवतं. दसऱ्याला शिलंगण करून फौजा बाहेर पडायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाला मुलखात परतायच्या. त्यांतले कितीतरी नांगर धरणारे. तलवार खुंटीला लावून बैल जुंपायचे, चिखलात पाय घालायचे, पेरलेलं उगवताना बघायचे. त्या काळाचं मला फार कौतुक आहे असं नाही. मुलूखगिरीत ज्यांची गावं लुटली गेली त्यांना कुणी विचारलं नाही. पण त्या माणसाला दर वर्षी परतायचा सराव होता. आताच्या जवानाला तो नाही. सुट्टीवर येतो तेव्हा तो पाहुणा असतो, त्याच्यासाठी कोंबडं कापतात. आणि मग एक दिवस तो कायमचा येतो, एकाच झटक्यात, आणि घरातल्या कुणालाच त्याचं काय करायचं ते सुचत नाही. त्यालाही नाही.

मामांचं जे व्हायचं तेच झालं. साताऱ्यात एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, चकाकते बूट. येणाऱ्याजाणाऱ्या बायका त्यांना पैसे काढायची पावती कुठं मिळते ते विचारायच्या. त्या दारात ते काय राखत होते, हा प्रश्न त्यांना पडत असणार. ते बोलले नाहीत. मामी एवढंच म्हणाली, "रात्रीचे तीन-तीनदा उठून कडी बघत्यात."

अर्ल शेफर नावाचा एक अमेरिकन होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर होता. त्याचा लहानपणापासूनचा सोबती इवो जिमाच्या लढाईत गेला. दोघांनी मिळून अपलाचियन डोंगरवाट चालायचं ठरवलं होतं. १९४८च्या एप्रिलमध्ये शेफर एकटाच जॉर्जियातून निघाला आणि ऑगस्टमध्ये मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर पोचला. दोन हजारांहून जास्त मैल, १२४ दिवस. ती सबंध वाट एका दमात चालल्याची नोंद झालेला तो पहिला माणूस. लष्कर अंगातून चालून काढायचं होतं, असं तो सांगे. मला यातलं 'चालून' महत्त्वाचं वाटतं. तो झाडाखाली बसायला गेला नव्हता. त्याच्यापुढं नकाशा होता, रोजची मजल होती, पाठीवर ओझं होतं, आणि मेलेल्या मित्राबरोबर ठरवलेलं एक काम होतं. हाच माणूस १९९८ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, ती वाट पुन्हा चालला, तेव्हा त्याचं लष्कर अंगातून पुरतं निघालं असेलच असं मला वाटत नाही. आता तिकडं माजी सैनिकांना अशाच लांब वाटांवर पाठवणाऱ्या संस्था आहेत. त्यांनी मूळ मर्म ओळखलं म्हणायचं.

आपल्याकडे हे मर्म फार आधी, आणि मनाचं नावही न घेता, हाती लागलं होतं. मसुरीच्या डोंगरांची चुनखडीच्या खाणींनी कातडी सोलली होती. पावसात मलबा वाहून खाली डूनच्या खोऱ्यात यायचा. पुढं सर्वोच्च न्यायालयानं त्या खाणी बंद करायला लावल्या. पण खाण बंद केली म्हणजे डोंगर परत येत नाही. तिथं, खाणी बंद व्हायच्या आधीच, १ डिसेंबर १९८२ रोजी प्रादेशिक सेनेची १२७ वी पर्यावरण बटालियन उभी राहिली, गढवालच्या माजी सैनिकांची. ज्या डोंगरांतली ही माणसं, त्याच डोंगरांत त्यांना पुन्हा गणवेश दिला, सकाळची हजेरी दिली, आणि हातात कुदळ दिली. मग तसल्याच तुकड्या राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या कडेला वाळू बांधायला गेल्या, दिल्लीच्या दक्षिणेला भाटीच्या उजाड खाणींत गेल्या. २०१७च्या सुमाराला महार रेजिमेंटची १३६ वी पर्यावरण बटालियन मराठवाड्यात आली आणि संभाजीनगरच्या भोवतीच्या बोडक्या टेकड्यांवर खड्डे काढू लागली.

यात उपचार असा शब्द कुठंच नाही. शिपायाला नुसतं झाड लावायला सांगितलं जात नाही, तर झाड राखायला सांगितलं जातं, आणि राखणं त्याला येतं. नाहीतर रोपं लावायचा उत्साह आपल्याकडे काय कमी आहे? २०१९ला राज्यानं तेहतीस कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं. फोटोपुरतं रोप धरलेली माणसं मी पोतंभर बघितली आहेत. रोपाला त्यानंतर तीन उन्हाळे काढायचे असतात. शेळी येते, वणवा येतो, वाळवी येते, हुमणी मुळं खाते. तीन उन्हाळे न कंटाळता एका जागी उभं राहायची सवय कुणाला असते? ज्याला बर्फात चौकीवर उभं केलं होतं, त्याला.

राळेगणसिद्धीची गोष्टही याच जातीची. लष्करात गाडी चालवणारा एक जवान १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर मरता मरता वाचला, १९७५ला पेन्शनीवर गावी आला आणि पाणी अडवू लागला. पुढची उपोषणं, राजकारण, लोकांची मतं बाजूला ठेवू. मला त्या पहिल्या वर्षांतले अण्णा हजारे बघायला आवडले असते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान या सगळ्याला पलटणीच्या स्थायी आदेशांचा वास आहे. त्या शिस्तीचा जाच झाला अशीही माणसं त्या गावात असणार. ज्याच्या घरात चार शेरडांशिवाय काही नाही त्याला चराईबंदी म्हणजे काय, हे चराईबंदीचा ठराव करणाऱ्याला बहुधा कळत नाही.

मामांना ते कळायला एक भांडण व्हावं लागलं.

२०१७च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं वारं आलं. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. मामा सुट्टी टाकून आले आणि पुन्हा बँकेच्या दारात गेलेच नाहीत. डोंगरउतारावर सलग समतल चर काढायचे होते, दोन फूट रुंद, फूटभर खोल, एका पातळीत. पातळी जरा चुकली की पाणी एका बाजूला धावतं आणि चर फुटतो. मोर्चा खणलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. गावातले बाकीचे पेन्शनरही हळूहळू आले: सिग्नलचे एक सुभेदार, महार रेजिमेंटचे एक नाईक, गाडी चालवणारे दोघे. आमच्या गावाला बक्षीस मिळालं नाही. पुढच्या वर्षी माणमधलीच टाकेवाडी राज्यात पहिली आली, तेव्हा मामांनी जाऊन त्यांचे चर बघितले आणि परत येऊन "ठीक हाय" एवढंच म्हणाले.

स्पर्धा संपली, गाव पांगलं, ही चार-पाच माणसं उतारावरच राहिली. चरांच्या खालच्या अंगाला लिंब, करंज, खैर, बोर, सीताफळ. खड्डे भर उन्हाळ्यात काढून तापू द्यायचे, शेणखत आणि लिंबोळीची पेंड घालून भरायचे, मृगाचा पाऊस दोनदा चांगला झाला की रोप लावायचं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. सकाळी सहाला सगळे हजर. उशिरा आलेल्याला सुभेदार अजून बोल लावतात. मेलेल्या रोपांच्या जागी दुसऱ्या पावसात नांग्या भरायच्या. प्रत्येक रोपाची वहीत नोंद. पहिल्या उन्हाळ्यात नाईकांनी वाळलेल्या रोपांपुढं 'शहीद' लिहिलं होतं. मामांनी ते सगळं खोडलं आणि प्रत्येक ओळीवर 'मेले' असं लिहिलं. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पण एरवी बोलतात. ही मला नवलाची गोष्ट वाटते. घरात ज्याच्या तोंडून शब्द काढायला चहाचे चार कप लागायचे, तो माणूस कुदळ मारता मारता, मान खाली घालून, आपल्या गेलेल्या जोडीदाराचं सांगतो. समोरासमोर बसून कुणी विचारलं असतं तर सांगितलं नसतं. खाली बघत खणताना ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याकडेही सांगण्यासारखं तेच असतं. पुण्याहून एकदा एक भली मंडळी आली होती. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून गोलात बसवायला बघितलं. यांनी मान ठेवून बसून घेतलं. डोळे एकानंही मिटले नाहीत.

झाडानं सगळं भागतं असंही नाही. गाडीवाल्यांतले एक मधेच यायचे थांबले. दारू वाढली, मग नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मामा त्यांना रोप द्यायला गेले नाहीत. धरून मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या, आणि पुष्कळ महिन्यांनी ते उतारावर परत दिसले. आधी गोळी, मग कुदळ. हा क्रम उलटा लावून दाखवणाऱ्यांपासून सावध राहावं.

भांडण धनगरांशी झालं. मेंढरं चरात शिरली आणि एका सकाळी बरीच रोपं गेली. मामा काठी घेऊन धावले. समोरचा म्हातारा हलला नाही. म्हणाला, "तुझी झाडं हाईत, माझी पोरं हाईत. चारू कुठं सांग." मामा काठी टेकून उभे राहिले. पंचायतीत दोन-तीन बैठका झाल्या. आता खालचा पट्टा चराईला मोकळा आहे आणि वरच्या पट्ट्यातलं गवत धनगरांनी विळ्यानं कापून न्यायचं आहे, फुकट. म्हाताऱ्याचा नातू पावसाळ्यात राखणीलाही असतो.

लिंब आता डोक्यावर गेले आहेत. करंजाच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, आणि परवा गेले तर मामा हातात करवत घेऊन खालच्या फांद्या छाटत होते, पुरुषभर उंचीपर्यंत, एकजात सगळ्या झाडांच्या. वनखात्यातला एक ओळखीचा माणूस सोबत होता. तो म्हणत होता, एवढं कशाला काढता, खाली सावली धरू द्या, ओल टिकेल. मामा म्हणाले, "शेंडा सरळ जातो." त्यानं मान हलवली.

घरी आल्यावर मी मामीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"कशाचा शेंडा नि कशाचं काय. खालनं पार पलीकडचं दिसायला लागतं त्यांना. त्याबिगर तिकडं दुपारचं आडवं व्हायला जात न्हाईत. करू दे. सीताफळीला तेवढा हात लावू देत नाय मी. खालची फांदी तोडली तर पोरांनी काढायचं कुठनं?"