बिऱ्हाड

मनुष्याला जन्मात दोन-तीनदा तरी बिऱ्हाड हलवावे लागते, आणि दर वेळी त्याला दोन गोष्टी नव्याने कळतात. एक, आपल्या घरात केवढे सामान होते. आणि दुसरी, त्यातले किती आपले नव्हतेच. नवी मुंबईकरांना हे सांगायला नको. सिडको स्थापन झाली १९७० साली, खाडीवर पूल झाला १९७३ साली, पण आगगाडी वाशीला पोचायला १९९२ साल उजाडले. मधल्या काळात जे गिरगाव-दादर सोडून इकडे आले, त्यांना आप्तेष्टांनी विलायतेला निघाल्यासारखा निरोप दिला होता.

आता आमच्या घरच्या संगणकाने बिऱ्हाड हलवले आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि पुढच्या आवृत्तीला टीपीएम २.० नावाचे जे अंग लागते ते आमच्या बारा वर्षांच्या यंत्रात नाही. दुकानदाराने 'नवा घ्या' असा सल्ला दिला. दुसरा सल्ला देईल तर तो दुकानदार कसला! नेरूळचा माझा भाचा मात्र म्हणाला, "मामा, यंत्र ठणठणीत आहे. लिनक्स घालू. फुकट मिळते."

'फुकट' म्हणताच आमच्या सौभाग्यवतींच्या भुवया वर गेल्या. फुकट ते पौष्टिक, हे लग्नाच्या पंक्तीपुरते ठीक. घरातल्या वस्तूंच्या बाबतीत त्यांचा त्यावर विश्वास नाही. "फुकट नाही मामी, मुक्त," भाच्याने सारवासारव केली.

येथे मला आपल्या भाषेचा अभिमान वाटला. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांचा निम्मा जन्म हे वेगळे, ते वेगळे, एवढे समजावण्यात गेला. ते मराठी असते तर बरेच श्रम वाचले असते. त्यांच्या चळवळीचा उगमही मोठा घरगुती आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांच्या प्रयोगशाळेतला छपाईयंत्राचा कागद सारखा अडके. दुरुस्ती करायला हे तयार होते, पण यंत्राची आज्ञावली त्यांना दाखवायला कोणी तयार होईना. कागद अडकल्यावर आपण यंत्राला एक चापट मारून चहा प्यायला जातो. स्टॉलमननी १९८३ साली जगजाहीर घोषणा करून मुक्त प्रणालीचे काम आरंभले. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला गाभा पुरवला, आणि लिनक्सचा संसार उभा राहिला.

मला हा प्रकार भाड्याच्या खोलीच्या आणि सहकारी सोसायटीच्या भाषेत चटकन समजला. विकतच्या प्रणालीत आपण भाडेकरू. खिळा ठोकायचा नाही, भिंतीमागे काय आहे विचारायचे नाही. मुक्त प्रणालीत भिंत फोडा, खिडकी काढा, वर नकाशाची नक्कल शेजाऱ्याला द्या. मात्र टाकी गळू लागली की मालकाच्या नावाने शंख करण्याचे सुख नाही, तुम्हीच सभासद! (आम्ही नवी मुंबईकरांनी मालकीविषयी फार बोलू नये म्हणा. सिडकोने जमिनी दिल्या त्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने.)

पहिले आठ दिवस वाईट गेले. छपाईयंत्र रुसले. करविवरणावर सही करण्याची ती काडी ओळख दाखवीना. सौभाग्यवतींना रोजची बटणे जागेवर सापडेनात, आणि परक्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा शोधताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला. भाच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक उत्तर होते : "सवय होईल." हे उत्तर मी लग्नापासून ऐकत आलो आहे.

पण खरा धसका बसला तो नवव्या दिवशी. माझ्या वडिलांनी, नानांनी, निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला घेतला होता. १९९७ ते २००१ अशी चार वर्षे एका बोटाने टंकून एकशे चाळीस पाने. एका शाखेचा पत्ता लागेना म्हणून त्यांनी तो छापला नाही, आणि २००९ साली ते गेले. ती फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविरामांचा कचरा. पणजोबांच्या जागी एक प्रश्नचिन्ह उभे होते.

"बघा तुमचे मुक्त!" सौभाग्यवती म्हणाल्या. पण दोष लिनक्सचा नव्हता. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. आपल्याला दिसे 'क'. यंत्राच्या दप्तरी मात्र इंग्रजी अक्षरच. शिवाय जितक्या कंपन्या तितक्या खुर्च्यांच्या मांडण्या. फॉन्ट गेला की सोंग उतरले. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले होते, पण ते आमच्यासारख्यांच्या घरी पोचायला बराच काळ गेला. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या धड उमटाव्यात म्हणून 'इंडिक्स' नावाचे काम केले ते एनसीएसटी या संस्थेतल्या मंडळींनी. ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकची कचेरी खारघर स्टेशनासमोरच आहे. तिच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. नमस्कार करावा असे आता वाटू लागले.

भाच्याने जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणणारी एक मुक्त आज्ञावली शोधून काढली. एका मिनिटात नाना परत बोलू लागले. आम्ही दोघे चष्मे लावून वाचू लागलो, आणि चौथ्या पानावर सौभाग्यवतींना हसू आवरेना. १९३८ सालच्या मुंजीच्या हकिकतीत लिहिले होते, 'आचार्यांनी जिलबी करपवली.'

नानांनी अर्थात 'आचाऱ्यांनी' असे लिहिले होते. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला नेहमी उपेक्षा. युनिकोडात त्यासाठी 'ऱ' ठेवलेला आहे; पण आज्ञावली करणाऱ्याने त्या खुर्चीवर साधा रफार बसवला होता. परिणामी आमच्या कोकणातल्या दऱ्यांचा दर्या झाला होता आणि मूळपुरुषाच्या बिऱ्हाडाचे भलतेच काही.

खुर्च्यांचा तो तक्ता उघडाच होता. भाच्याने त्यातली एक ओळ बदलली आणि एकशे चाळीस पानांतले सगळे आचारी एका क्षणात स्वयंपाकघरात परतले. बंद पेटीतला तक्ता असता, तर मला प्रत्येक आचाऱ्याला हाताने धरून आणावे लागले असते. ती ओळ त्याने आज्ञावलीच्या कर्त्याला पाठवून दिली. दोन दिवसांनी त्या अनोळखी माणसाचे आभाराचे पत्र आले. आता तिसऱ्या कोणाच्या घरची मुंज तरी शाबूत राहील.

दिवाळीसाठी पंचवीस प्रती छापून नातलगांना वाटल्या. पुण्याच्या आत्याबाईंचा फोन आला. वय ब्याण्णव, आवाज खणखणीत. म्हणाल्या, त्या मुंजीत जिलबी नव्हतीच मुळी, बुंदी होती; आणि ती करपली नव्हती, कच्ची राहिली होती. ती दुरुस्ती अजून करायची आहे.