बुडत्या जहाजातून लखनऊपर्यंत

लखनऊपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी या शहराच्या दोन ठळक वास्तूंमागे बंगालच्या उपसागरातला एक जहाज-अपघात आहे. मूळचा ल्योंचा क्लॉड मार्टिन फ्रेंचांची चाकरी सोडून इंग्रजांकडे आला. तुकडी घेऊन बंगालकडे निघाला असता त्याच्या जहाजाला गळती लागली. मोठ्या कष्टाने त्याने आपली माणसे होड्यांतून वाचवली. १७ जुलै १९४७ ला बुडालेली ‘रामदास’ बोट मराठी माणसाला आठवते ती गेलेल्या शेकडो जिवांमुळे. इथे मात्र वाचलेल्या माणसाने इतिहास घडवला.

फ्रेंच सेनानी लाली याच्या जाचाला कंटाळून मार्टिनने पक्ष बदलला, असे जुने चरित्रकार लिहितात. हे कारण अपुरे वाटते. जानेवारी १७६० मध्ये वांदीवाशला फ्रेंच हरले होते आणि शिपायाला बुडती सत्ता लवकर कळते.

लखनऊच्या चौक भागात समुद्र मार्टिनच्याही आधी पोहोचला होता. फिरंगी महल ही मुळात एका युरोपीय व्यापाऱ्याची हवेली. औरंगजेबाने ती मुल्ला कुतुबुद्दीन यांच्या मुलांना दिली आणि तिथे ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम आकाराला आला. चौकातल्याच गोल दरवाज्याजवळच्या गल्ल्यांत आजही चिकनचे कापड विकले जाते. लाकडी ठसा कच्च्या निळ्या रंगात बुडवून आधी कापडावर नक्षी उमटवतात, तिच्यावर टाके घालतात आणि मग धुलाईत तो निळा रंग पुरता निघून जातो. मार्टिनही निळीचा व्यापारी होता; कानपूरजवळ नजफगढला त्याची निळीची शेती होती.

१७७५ मध्ये नवाब आसफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनऊला आणली आणि मार्टिनचे नशीब फळफळले. वाटाडे पाहुण्यांना मोठ्या इमामबाड्याच्या भुलभुलैयात तासभर फिरवतात, पण गोमतीकाठच्या फरहत बख्शचे नावही काढत नाहीत. ही उपेक्षा खटकते. मार्टिनने हे घर नदीला अगदी खेटून बांधले. उन्हाळ्यात तो नदीलगतच्या थंड खालच्या दालनांत राही, पावसाळ्यात तिथे पाणी शिरले की वरच्या मजल्यावर जाई. पाण्यातून वाचलेल्या माणसाने पाण्याशी जुळवून घेतलेले इतके शहाणे घर क्वचितच सापडेल. पुढे ते नवाबांच्या छत्तर मंजिल संकुलात गेले. अलीकडे त्या परिसरात खोदकाम करताना सुमारे ४२ फूट लांबीची लाकडी नावही मिळाली.

त्याची दुसरी मोठी वास्तू, कॉन्स्टँशिया, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो वारला आणि तिच्याच तळघरात त्याला पुरले. मृत्युपत्राने त्याने लखनऊ, कोलकाता आणि ल्यों इथल्या शाळांसाठी संपत्ती ठेवली. लखनऊची ला मार्टिनिअर शाळा १८४५ मध्ये सुरू झाली.