तेरच्या पांढरीतले मणी

तेर म्हटले की आपल्याला आठवतात ते संत गोरोबाकाका. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. काकांच्या समाधीचे दर्शन घेतले की बहुतेक मंडळी परतीची एस.टी. गाठतात. तुम्ही मात्र दोन तास हाताशी ठेवा आणि गावातले रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहूनच निघा. उघडे कधी असते याची चौकशी तेवढी आधी करा.

हेच तेर म्हणजे जुने तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात तगर ही फार मोठी नगरी असल्याची नोंद आहे. इथले कापड आणि पैठणचे रंगीत दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात. तगर म्हणजेच तेर, हे 1901 मध्ये फ्लीट या अभ्यासकाने दाखवून दिले. संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली सगळेच पाहतात. तिच्यासारखीच एक मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीतल्या पाँपेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. पण तुम्ही मण्यांपुढे आणि शंखाच्या बांगड्यांपुढेही थोडे थांबा. मातीच्या मूर्तींच्या कानागळ्यांतली लेणीही न्याहाळा.

हे मणी कशाचे, असे विचाराल, तर आपल्याच रानातल्या गारांचे! आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याबरोबर आलेल्या द्रव्याने त्या भरून गारा, अकीक तयार झाले. कातळ झिजून त्याची काळी माती झाली. गार मात्र कठीण, ती तशीच उरली आणि पुराबरोबर नदीत आली. नांगराच्या फाळाला जी खणकन लागते, तीच ही.

कारागिराने ती उचलली, उन्हात वाळवली आणि मंद आचेत भाजली. दगडात लोहाचा अंश असला की भाजल्यावर त्याला लाल रंग चढतो. मग कपच्या काढून आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचे आणि भोक पाडायचे. सुतार सामता फिरवतो तसेच हे काम, पण फार नाजूक. लांब मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणि ते मधोमध जुळवत. नेम चुकला की मणी फुटला आणि सारी मेहनत वाया! गुजरातेत खंबायतला ही कारागिरी आजही चालते.

शंख समुद्रातला. तेरपासून समुद्र कितीतरी लांब. तरीही तो इथवर आला आणि कापून त्याची कांकणे झाली. ज्यांना एवढेही परवडत नसे त्यांच्यासाठी मातीचे मणी होतेच. नटण्याची हौस काही सोन्यावाचून अडत नाही. आपल्या बायांच्या दागिन्यांची नावेच पाहा ना! बोरमाळ, जवमाळ, जोंधळी पोत. सोने सराफाचे असले तरी रूप शिवारातलेच. ते सोने तोलायला पूर्वी गुंजेचा दाणाच होता.

आता मुद्द्याचे बोलू. हे संग्रहालय उभे राहिले ते एका गावकऱ्यामुळे. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. आपल्या गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, जपल्या. त्या जमवल्या नसत्या, तर कुठल्या कुठे गेल्या असत्या.

असली पांढरी फक्त तेरलाच आहे असे नाही. आपल्याकडे कित्येक गावांच्या कडेला जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. भिंतींसाठी, शेतात टाकण्यासाठी तिथली माती आपण गाड्या भरभरून नेली. पावसानंतर तिथे मणी, खापरे, नाणी उघडी पडतात. मुले ती खेळायला नेतात, नाहीतर एखादा फिरता खरेदीदार चार पैशांत घेऊन जातो. मणी हातात उरला, पण तो कुठल्या थरात, कशाशेजारी होता हे गेले, तर त्याचे बोलणे निम्म्याहून अधिक संपले.

म्हणून एवढे करा. काही सापडले तर जागा नीट लक्षात ठेवा, आणखी खणू नका. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका, पोतीत ओवू नका. तलाठ्याला कळवा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 चा कायदा आहे. आणि पुराणवस्तू परवान्यावाचून विकण्याचा धंदा 1972 च्या कायद्याने गुन्हा ठरतो.

काळीला आपण जपतोच, पांढरीलाही जपा. मुलांना दागिना घडवून पाहायची हौस असेल, तर नदीकाठच्या साध्या गारा आणि रानातल्या बिया आहेतच. गुंजेची बी मात्र विषारी, तिला भोक पाडायला लहानग्यांच्या हाती देऊ नका.