अधिक-उणेचे बटण

साधा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घेताना पहिला प्रश्न असतो मेगापिक्सेलचा, दुसरा झूमचा. त्यानंतर दुकानदार पडद्यावरची चिन्हे दाखवतो: हसरा चेहरा, डोंगर, चंद्र, फूल. या सगळ्यात एक छोटे चिन्ह दुर्लक्षित राहते, अधिक आणि उणे एकाच चौकोनात असलेले. काही कॅमेऱ्यांत ते मागच्या गोल चकतीवर असते, काहींत मेनूत शिरावे लागते. कॅमेऱ्याने ठरवलेले एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतलेला प्रकाश, त्याने वाढवता-घटवता येते; तांत्रिक भाषेत त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. फोटोग्राफी शिकणे आणि शिकवणे हेच माझे काम असल्याने मी जबाबदारीने म्हणतो की छोट्या कॅमेऱ्यात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती हीच. बाकीची बहुतेक कामे कॅमेरा आपल्याइतकी किंवा आपल्याहून चांगली करतो. हे एक काम त्याला करताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती त्याच्याकडे नसते. लखनौच्या विकास नगरसारख्या वस्तीत राहणाऱ्याला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. चिकनकामाचे पांढरे कुर्ते, जानेवारीचे दाट धुके आणि दिवाळीची रात्र ही तीन दृश्ये पुरेशी आहेत.

कॅमेरा प्रकाश कसा मोजतो, तिथून सुरुवात करू. वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगात शिरणारा प्रकाश एवढेच त्याला कळते. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे आणि सावलीत आहे, की करडी आहे आणि उन्हात आहे, हे त्या मापावरून सांगता येत नाही; दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून प्रकाशमापक बनवणाऱ्यांनी एक गृहीतक धरले: सर्वसाधारण दृश्यातले उजळ आणि गडद भाग एकत्र केले, तर सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या पृष्ठभागाइतकी येते. आजचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून मोजतात, चेहरा ओळखून त्याला जास्त वजन देतात, तरी पाया तोच आहे. रस्ता, झाडे, माणसे, थोडे आकाश अशा दृश्यात हे गृहीतक उत्तम चालते आणि म्हणूनच ऑटोवर काढलेले बरेच फोटो चांगले येतात. दृश्य सरासरीपासून दूर गेले की मात्र कॅमेरा त्याला ओढून मध्यावर आणतो. पांढऱ्याचे करडे होते, काळ्याचेही करडेच होते.

आता चिकनचा कुर्ता घ्या. २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही लखनवी कला मूळची पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याची. फंदा आणि मुर्री हे उठावदार टाके, धागे बाजूला सारून पाडलेली जाळी, कापडाच्या उलट्या बाजूने भरलेली आणि सुलट्या बाजूला सावलीसारखी दिसणारी बखिया: यांत रंगाचा फरक जवळपास नाहीच. सगळी नक्षी दिसते ती उजेड आणि सावली यांच्या बारीक फरकामुळे. चौकटभर असा कुर्ता घेऊन ऑटोवर फोटो काढला, तर कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला आणि तो एक्स्पोजर कमी करतो. फोटो ‘अंडर’ होतो, कापड मळकट दिसते. इथे अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) दिला की पांढरे पांढरे होते. पण आणखी पुढे गेलो तर दुसरे संकट. साधा कॅमेरा जेपीईजी फाइल बनवतो आणि तिच्यात प्रत्येक मूळ रंगाच्या उजेडाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. कापडही २५५ वर आणि टाकाही २५५ वर गेला की मुर्री कापडात विरून जाते. ही सुधारणा एक-तृतीयांश स्टॉपच्या लहान पावलांनी करण्याची सोय म्हणूनच मोलाची आहे. फ्लॅश बंद हवा आणि उजेड खिडकीतून, बाजूने यायला हवा, कारण समोरून पडणारा फ्लॅश टाक्यांची सावलीच पुसतो. जवळून टिपायचे तर फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो मोड लावावा आणि झूम न वापरता कॅमेरा जवळ न्यावा. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे झूम केल्यावर इतक्या जवळून फोकस करत नाहीत.

उत्तर प्रदेशातले हिवाळी धुके हे याच गणिताचे दुसरे उदाहरण. डिसेंबर-जानेवारीत सकाळी समोरची इमारतही दिसेनाशी होते आणि सारी चौकट दुधाळ उजेडाने भरते. ऑटोवर ते धुके धुरासारखे काळपट उतरते. अधिक दिल्यावर त्याचा खरा हलकेपणा येतो. दिवाळीच्या रात्री नेमके उलटे. कठड्यावर पणत्यांची ओळ, भोवती काळोख. कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी पडतो आहे. तो एक्स्पोजर वाढवतो, भिंत करडी होते आणि ज्योतीचा जळका पांढरा ठिपका उरतो. उणे एक किंवा त्याहूनही खाली गेलो की काळोख काळोखासारखा राहतो आणि ज्योतीला कडा येते. त्याबरोबर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर ठेवावा, म्हणजे पणतीचा पिवळा-केशरी रंग कॅमेरा ‘दुरुस्त’ करत नाही. कॅमेरा कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला की बटण दाबतानाचा हादराही टळतो. गाण्याच्या मैफलीतही हीच अडचण येते: गडद पडदा, गायकावर वरून पडलेला प्रकाश आणि ऑटोवर जळून गेलेला चेहरा. उपायही तोच, उणेकडे जाणे.

आता ज्या आकड्यांवर कॅमेरे विकले जातात त्यांच्याकडे पाहू. सोनीचा डब्ल्यू ८३० किंवा कॅननचा आयक्सस १८५ अशा साध्या कॅमेऱ्यांत सुमारे २ कोटी पिक्सेल असतात, म्हणजे २० मेगापिक्सेल. अल्बममधल्या ६ बाय ४ इंची फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, जेमतेम २.२ मेगापिक्सेल पुरतात. ए-फोर आकाराला ९ च्या आत. उलट हे २ कोटी पिक्सेल ज्या सेन्सरवर दाटीने बसवलेले असतात त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते, मोठ्या कॅमेऱ्यांतल्या फुल फ्रेम सेन्सरच्या सुमारे तिसावा हिस्सा. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला थोडाच प्रकाश येतो आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ८०० च्या पुढे नेला की फोटोत रवाळपणा दिसू लागतो. डिजिटल झूम तर केवळ मधला तुकडा कापून मोठा करतो: चारपट डिजिटल झूममध्ये २० पैकी सव्वा मेगापिक्सेल हाती राहतात, अल्बमच्या फोटोलाही अपुरे. भिंग हलवून होणारा ऑप्टिकल झूम मात्र खरा आणि उपयोगी. फ्लॅशची मजल या वर्गात साधारण ३ मीटर असते. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश घटतो, त्यामुळे बड्या इमामबाड्यातल्या सुमारे १५ मीटर उंचीच्या छतापर्यंत तो पंचविसाव्या हिश्श्याने पोहोचतो, म्हणजे फोटोच्या दृष्टीने पोहोचतच नाही. हे आकडे निरुपयोगी आहेत असे नाही. कॅमेऱ्याची मर्यादा ते सांगतात, पण समोरचे दृश्य किती उजळ दिसायला हवे, याबद्दल त्यांतला एकही बोलत नाही.

अधिक-उणेच्या या आग्रहावर पहिला आक्षेप असा की त्यासाठीच तर दृश्यागणिक तयार सीन मोड आहेत. आहेत, आणि त्यांतले काही मोड तयार करून ठेवलेले अधिक-उणेच असतात: बर्फाचा मोड एक्स्पोजर वाढवतो. पण त्या यादीत चिकनचा कुर्ता नाही, धुके नाही. बर्फाचा मोड एक्स्पोजर का वाढवतो हे ज्याला उमगले, त्याला यादीची गरज उरत नाही. दुसरा आक्षेप जाणकारांचा: मग पूर्ण मॅन्युअल कॅमेराच का घेऊ नये? मॅन्युअलवर काम करणाराही त्याच प्रकाशमापकाची सुई पाहतो आणि ती मध्यावर ठेवायची की सरकवायची हे ठरवतो. निर्णय तोच, बटणे जास्त. शिवाय छोट्या सेन्सरमुळे फोकसची खोली मुळातच मोठी असते, त्यामुळे अ‍ॅपर्चर बदलून पार्श्वभूमी धूसर करण्याला इथे फारसा वाव नाही. तिसरा आक्षेप, संगणकावर नंतर सुधारता येते. अंडर झालेला फोटो काही प्रमाणात उजळता येतो, पण सावल्यांतला रवाळपणाही त्याबरोबर वर येतो. २५५ वर जाऊन उडालेला टाका मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही, कारण फाइलमध्ये तो नोंदलेलाच नसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मोबाइलचा. २०१० साली जपानी उत्पादकांनी १० कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात पाठवले. २०२३ मध्ये ही संख्या २० लाखांच्याही खाली होती. लोकांनी विचार करूनच ही निवड केली. चांगला फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, आणि ऊन-सावलीचा टोकाचा फरक असलेल्या दृश्यात तो साध्या कॉम्पॅक्टला सहज मागे टाकतो. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण फोनच्या गणिताचा कल सगळे स्पष्ट दिसावे याकडे असतो. त्यामुळे दिवाळीची रात्र संध्याकाळसारखी दिसते, आणि ती रात्र दिसावी असे आपल्याला वाटत असेल तर पडद्यावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह खाली ओढावे लागते. ते चिन्ह म्हणजे हेच अधिक-उणे. कॅमेऱ्याचा प्रकार बदलला, गणिताची ताकद कित्येक पटींनी वाढली, तरी हे एक नियंत्रण टिकले. त्याचे काम दुसऱ्या कशालाही करता आले नाही, याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

इतिहासही हेच सांगतो. दरोगा अब्बास अली यांनी १८७४ साली ५० छायाचित्रांचा ‘द लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला, तेव्हा कॅमेऱ्यात प्रकाशमापक नव्हता. भिंग किती वेळ उघडे ठेवायचे हे छायाचित्रकार उन्हाचा अंदाज घेऊन ठरवत असे. मोजणे आणि ठरवणे दोन्ही त्याच्याकडे होते. पुढे मोजण्याचे काम यंत्राने घेतले. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन यांनी १०० बाय १०० पिक्सेलचा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यानंतर तर फोकस, रंग, चेहरे ओळखणे हेही यंत्राकडे गेले. मोजण्यात यंत्र आपल्यापेक्षा अचूक आहे, यात वाद नाही. मात्र कुर्ता पांढराशुभ्र दिसावा की सावलीतला निळसर, भिंत काळोखात राहावी की उजळावी, हे मापातून निघत नाही. ते पाहणाऱ्याला काय दाखवायचे आहे यावर ठरते.

म्हणून कपाटात पडलेला जुना कॉम्पॅक्ट या दिवाळीत मुलांच्या हाती द्यावा असे मी मनापासून सुचवतो. सराव साधा आहे: एकच दृश्य उणे एक, शून्य आणि अधिक एक अशा तीन प्रकारे टिपायचे, तिन्ही फोटो शेजारी ठेवायचे आणि आवडलेला कोणता, का, हे मुलाला सांगायला लावायचे. कॅमेऱ्याच्या पडद्याची उजळ-मंद मांडणी फसवते, म्हणून सोय असेल तर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद ते उजवीकडे उजळ भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख, पाहावा. तो उजव्या कडेला चिकटून उभा राहिला असेल तर काहीतरी जळाले आहे. आणि नवा किंवा वापरलेला कॅमेरा घ्यायचाच असेल, तर दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसावा. अधिक-उणेचे बटण कुठे आहे आणि तिथे अंगठा किती सहज पोहोचतो, हे आधी विचारावे. ज्या कॅमेऱ्यात ते चटकन सापडते, त्यावर माणूस ठरवायला शिकतो, आणि ठरवता येणे हीच फोटोग्राफीची सुरुवात आहे.