उरलेली एक बाजू

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेला उतरलं की बरो हाय स्ट्रीट लागतो. या रस्त्याच्या पूर्वेकडच्या अरुंद बोळांना अजून जुन्या सरायांची नावं आहेत: किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, टॅल्बट यार्ड. नावं राहिली, सराया गेल्या. जॉर्ज इन यार्डात शिरल्यावर मात्र उजव्या हाताला एक लांबट लाकडी इमारत खरोखरच उभी दिसते. वर सज्जे, खाली पब. कोचगाड्यांच्या काळातली सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटची सराय, जॉर्ज. चौसोपी वाड्याचे तीन सोपे पडावेत आणि एकाने अंगण राखत बसावं, तशी ती मला वाटते.

बरो हाय स्ट्रीटच्या या गल्लीला पैसा मिळाला तो खोळंबलेल्या माणसांमुळे. कित्येक शतकं शहरात शिरायला थेम्सवर तो एकच पूल होता आणि रात्री त्याचे दरवाजे बंद होत. उशीर झालेला वाटसरू दक्षिण तीरावरच पथारी टाकी. पलीकडून कँटरबरीला निघालेले यात्रेकरूही इथेच जमत. कवी चॉसरचे यात्रेकरू ज्या टॅबर्ड सरायीतून निघतात, ती जॉर्जच्या अगदी शेजारची. १६७६ च्या आगीत सदर्कचा, म्हणजे या दक्षिण तीरावरच्या वस्तीचा, मोठा भाग जळाला. त्यात या दोन्ही सराया गेल्या. जॉर्ज पुढच्याच वर्षी पुन्हा उभी राहिली, आणि तीही लाकडातच! गिऱ्हाईक थांबलेलं नव्हतं, मग मालक तरी कसा थांबेल?

पुढचं दीड शतक तिच्या भरभराटीचं. अंगणात कोचगाड्या वळत, मागच्या तबेल्यांत घोडे बदलत, वरच्या खोल्यांत बिछाने पडत. बिअरला कडवट चव देणारी हॉप्सची फुलं केंटच्या मळ्यांतून याच रस्त्याने येत आणि सदर्कातच त्यांचा बाजार भरे.

मग १८३६ मध्ये हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज स्टेशन उघडलं. रेल्वेचा प्रवासी वाटेत मुक्काम करत नाही. जी गल्ली मुक्कामावर जगत होती, तिच्या अंगणांत हळूहळू मालाची गोदामं आली. जॉर्जही १८७४ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या हाती गेली, आणि १८८९ मध्ये कंपनीने तिची उत्तरेची नि मधली बाजू पाडली. दक्षिणेची तेवढी राहिली. तिची जागा तातडीने लागत नसावी, एवढंच.

मला याचं फार वाईट वाटतं, आणि नवलही. साहित्यात अजरामर झाली ती टॅबर्ड. व्हाइट हार्टच्या अंगणात बूट पुसणाऱ्या सॅम वेलरला डिकन्सने आपल्या कादंबरीतून साऱ्या इंग्लंडचा लाडका केला. टॅबर्ड १८७० च्या दशकात पडली, व्हाइट हार्ट १८८९ मध्ये. जॉर्जच्या वाट्याला ‘लिटल डॉरिट’मधला ओझरता उल्लेख आला. डिकन्सला हा परिसर लहानपणीच ओळखीचा झाला होता, तोही दुःखाने. त्याचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी इथल्याच मार्शलसी तुरुंगात होते. एवढं प्रेम, एवढी कीर्ती, पण त्यामुळे त्या दोन सरायांचा एक वासाही वाचला नाही.

१९३७ मध्ये रेल्वेनेच जॉर्जची ही इमारत वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. ट्रस्टने तिचं संग्रहालय केलं नाही, पब चालवायलाच भाड्याने दिली, हे मला त्यांचं सर्वांत शहाणं काम वाटतं. दोऱ्या लावून, पाट्या टांगून ती जपता आली असती. पण सरायीच्या लाकडाला माणसांचा राबता हवा, सांडलेल्या बिअरचा वास हवा, वेळ झाली तरी न उठणारी गिऱ्हाइकं हवीत. आज स्टेशनाशेजारी ३१० मीटर उंचीचा शार्ड हा मनोरा उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या कचेऱ्या सुटल्या की माणसं त्याच रेल्वेकडे निघतात आणि वाटेत जॉर्जच्या अंगणात थबकतात. ज्या रेल्वेने तिचं गिऱ्हाईक पळवलं, तिच्याच वाटेवरून आता तिला नवं मिळतं.

हा राबता एकदा थांबलाही. २० मार्च २०२० रोजी कोविडच्या साथीमुळे देशभरातले पब बंद करायचा हुकूम निघाला. अव्वल दर्जाच्या वारसा-यादीतल्या या इमारतीला कायद्याचं पूर्ण संरक्षण होतं, पण तिच्या धंद्याला नव्हतं. ४ जुलैला इंग्लंडमधले पब पुन्हा उघडले. दूर राहूनही मी त्या बातमीची वाट पाहत होते. भिंती टिकतील याची खात्री होती. मला काळजी होती ती प्याले भरणाऱ्यांची.